मंडळीबाहेरच्या माणसांना सुवार्ता सांगताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, एका मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सभासद आहे. पाळक (धर्मगुरू) नाही. शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात, शिकवतो, रविवारी कधी शास्त्रपाठ वाचतो, आसपासच्या गावांतल्या प्रार्थना सभांना जातो. मला दोन बाजूंनी प्रश्न येतात. शेजारी, सहकारी, नातेवाईक विचारतात की तुम्ही लोक नेमकं काय करता. मंडळीतली तरुण मुलं विचारतात की आपण बाहेरच्यांशी बोलायचं तरी कसं, आणि बोलावं का. दोघांनाही तीच उत्तरं द्यायची, एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगायचं नाही, हे ठरवून सगळे प्रश्न इथे एकत्र ठेवले आहेत.

सुवार्ता सांगणं म्हणजे काय, आणि ते तुम्ही का करता?

येशू ख्रिस्ताबद्दल आम्ही जे मानतो ते दुसऱ्याला सांगणं. देवाने माणसावर प्रेम केलं, ख्रिस्ताने पापांसाठी प्राण दिला, तो पुन्हा उठला, त्याच्याकडे येणाऱ्या कुणालाही तो परत पाठवत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या) शेवटी येशूने शिष्यांना सगळ्या राष्ट्रांत जायला सांगितलं आहे, म्हणून ही आमच्यासाठी आज्ञाही आहे. पण खरं सांगायचं तर आज्ञेपेक्षा मोठं कारण आनंदाचं आहे. ज्या गोष्टीने आयुष्य सावरलं ती आपल्या माणसांपासून लपवून ठेवणं मला जमत नाही.

म्हणजे शेवटी धर्मांतरच करायचं असतं ना?

ऐकणाऱ्याने ख्रिस्तावर विश्वास ठेवावा असं मला मनापासून वाटतं. हे नाकारलं तर मी खोटं बोलेन. प्रश्न आहे तो वाटण्याच्या आणि करण्याच्या मधल्या अंतराचा. विश्वास ठेवायला लावणं माझ्या हातात नाही आणि ते माझं कामही नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक श्रीमंत माणूस येशूकडे धावत येतो, गुडघे टेकतो, सार्वकालिक जीवन कसं मिळेल ते विचारतो. येशू त्याच्याकडे प्रेमाने पाहतो आणि सगळं विकून गरिबांना दे म्हणतो. तो माणूस खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्या मागे धावत नाही, अट सैल करत नाही, शिष्यांना त्याला परत आणायला पाठवत नाही. सुवार्ता सांगणाऱ्या प्रत्येकाने हा उतारा वर्षातून निदान एकदा नीट वाचावा. नकार देण्याची मोकळीक ज्याला नाही, त्याच्या होकाराला काही किंमत उरत नाही.

कायद्याने याला परवानगी आहे का?

आहे, मर्यादेसह. राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये धर्म मानणं, त्याचं आचरण करणं आणि त्याचा प्रसार करणं हा प्रत्येकाचा हक्क सांगितला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. त्यातल्या 'प्रसार' या शब्दावर डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत जोरदार वाद झाला होता. तो शब्द काढावा असं काही सदस्यांचं म्हणणं होतं, पण अखेर तो राहिला.

पुढे ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये जबरदस्ती, फसवणूक किंवा आमिष यांनी होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदे केले. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात न्यायालयाने दोन्ही कायदे वैध ठरवले आणि सांगितलं की आपल्या धर्माची शिकवण मांडण्याचा हक्क सर्वांना आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. आमच्यातल्या काहींना हा निकाल बोचतो. मला त्यात एक वेगळी गोष्ट दिसते. माणसाचं मन बदलणं हे काम आम्ही तरी आमचं कुठे मानतो? ते पवित्र आत्म्याचं आहे, असंच आम्ही शिकवतो. मात्र आमिष, फूस असे शब्द कायद्यात इतके सैल वापरले जातात की साधी प्रार्थना सभाही कचाट्यात सापडू शकते. ही चिंता खोटी नाही.

राज्याराज्याचे कायदे वेगळे आहेत. पूर्वसूचना द्यावी लागते का, प्रतिज्ञापत्र लागतं का, हे आपल्या राज्यापुरतं चांगल्या वकिलाकडून समजून घ्या. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांवर विसंबू नका. आणि परदेशातून पर्यटक व्हिसावर आलेल्या पाहुण्याला व्यासपीठावर उभं करून प्रवचन करायला लावू नका. ते नियमबाह्य आहे आणि त्याची झळ नंतर गावातल्या साध्या माणसांना बसते.

हा धर्म इंग्रजांबरोबर आला. तो आपला कसा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

केरळातले सिरियन ख्रिस्ती स्वतःची परंपरा येशूचा शिष्य, प्रेषित थोमा याच्यापर्यंत नेतात. ती बाजूला ठेवली तरी तिथल्या मंडळ्या पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी शतकं आधीपासून आहेत. मराठी मुलखापुरतं बोलायचं तर १५७९ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स हा जेझुइट (येशूसंघी) इंग्रज धर्मगुरू गोव्यात आला. तो इथली भाषा शिकला आणि १६१६ मध्ये रायतूरला त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. त्याने मराठीची जी स्तुती केली ती आजही शाळेच्या पुस्तकांतून मुलांना भेटते. गोव्यातल्या सालसेतच्या चर्चमधून रविवारी हे पुराण वाचलं जाई.

याच गोव्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिथे हिंदूंची देवळं पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाला शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, बसलं, आणि त्याचा जाच नव्या ख्रिस्ती झालेल्यांनाही झाला. ज्या सत्तेच्या सावलीत ख्रिस्तपुराण लिहिलं गेलं तिनेच १६८४ मध्ये स्थानिक भाषा बंद पाडण्याचा हुकूम काढला. सत्ता हातात आली की सुवार्तेचं काय होतं, याचं उदाहरण शोधायला आम्हाला दूर जावं लागत नाही. ख्रिस्ती माणसाने हा इतिहास झाकू नये. समोरचा काढण्याआधी आपणच सांगावा.

ब्रिटिश मुलखातली गोष्ट थोडी निराळी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला ते नकोच होते. त्यांना परत पाठवण्याचे हुकूमही निघाले होते. १८३१ मध्ये नगरला ठाणं झालं, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं. सिंथिया फरार बाईंची नगरची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना आपण अशी शाळा काढावी असं वाटलं, हे त्यांनी स्वतः नोंदवलं आहे. बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि १८५७ मध्ये त्यांनी विधवांच्या हालांवर 'यमुनापर्यटन' लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं.

आणि नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा संस्कार) झाला आणि १९१९ मध्ये ते गेले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी इतकी गीतं लिहिली की ती काढून टाकली तर आमचं 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक रिकामं वाटेल. ज्ञानोबा-तुकोबांचं बोट सोडून त्यांनी ख्रिस्ताचं बोट धरलं नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशी न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही होती. मंडळीच्या भिंतीबाहेरच्या माणसाशी नातं कसं जोडावं याचा इतका धाडसी विचार मराठीत पुन्हा फारसा झाला नाही, असं माझं मत आहे.

२०२० मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. आमचा धर्म आपला आहे की नाही हे मी तर्काने पटवू शकणार नाही. पण या माणसांना मराठीतून वजा करून पाहा.

कीर्तन, अभंग, टाळ-मृदंग हे सगळं 'हिंदू' आहे, त्याने लोकांची दिशाभूल होते, असं आमच्या मंडळीतले वडीलधारे म्हणतात. काय करावं?

त्यांचा आदर ठेवून त्यांना नगरचाच इतिहास सांगा. ख्रिस्ती कीर्तन एकोणिसाव्या शतकातच आपल्या मंडळ्यांत सुरू झालं. ज्या गावात कुणाला वाचता येत नव्हतं तिथे येशूने सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट पूर्वरंग-उत्तररंगातून लोकांनी रात्र रात्र ऐकली. ओवी, अभंग, साकी, दिंडी ही मराठी माणसाची बोलण्याची रीत आहे. ती कुणा एकाच्या मालकीची नाही. ऑर्गन तरी कुठे बेथलेहेमचा?

पण त्यांच्या आक्षेपात एक खरा भाग आहे आणि तो ऐकायला हवा. कीर्तनाची जाहिरात करताना ते ख्रिस्ती कीर्तन आहे हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. भगवी वस्त्रं घालून, नाव न सांगता, लोकांना आधी बसवायचं आणि शेवटी येशूचं नाव काढायचं, हे चूक आहे. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या, बायबलमधल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात लाजिरवाण्या गुप्त गोष्टी आम्ही सोडून दिल्या आहेत असं म्हटलं आहे. रीत मराठी असू द्या, ओळख उघडी असू द्या.

शाळा, दवाखाने, धान्य यांच्या आडून धर्मप्रसार होतो, हे खरं का?

काही ठिकाणी झालं आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर आणि पुन्हा १८९६ ते १९०० च्या दुष्काळांनंतर नगरच्या बाजूला मोठ्या संख्येने लोक मंडळीत आले. त्यातले बहुतेक महार-मांग समाजातले होते. त्यांना भुकेने आणलं, शाळेने आणलं, की विहिरीवर न मिळणाऱ्या मानाने आणलं? तीनही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. 'पोटासाठी बाटले' असं त्यांच्याबद्दल बोलणाऱ्यांना मी एवढंच विचारतो की पोट भरलेल्या माणसाचाच निर्णय खरा आणि उपाशी माणसाचा खोटा, हे कुणी ठरवलं? माझे पूर्वज त्यांतलेच. त्यांनी जो विश्वास धरला तो पुढच्या पाच पिढ्यांनी सोडला नाही.

तरीही मदत देणाऱ्याच्या बाजूने नियम कडकच असला पाहिजे. लूकच्या सतराव्या अध्यायात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो. आभार मानायला एकच परत येतो. बाकीचे नऊ कुठे आहेत असं येशू विचारतो, पण त्यांचं बरं होणं काढून घेत नाही. दवाखाना चालवणाऱ्याने इथूनच शिकावं. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं. तिथे उपचार घेऊन गेलेल्या असंख्य माणसांतले बहुतेक जण आपापल्या धर्मातच राहिले. ते रुग्णालयाचं अपयश होतं असं मला वाटत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण जास्त अवघड आहे. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं ते उच्चवर्णीय विधवांसाठी, धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचं आश्वासन देऊन. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला गेलं. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये गदारोळ झाला, रानडे आणि भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी कुणावर सक्ती केली असं मी मानत नाही. त्या मुलींना आयुष्यात प्रथमच कुणीतरी माणूस म्हणून वागवत होतं, मग त्या तिच्या देवाकडे ओढल्या गेल्या यात नवल काय? पण पालकांचाही मुद्दा होता. ज्या घरात तुम्ही आश्रयाला आहात त्या घराच्या मालकिणीची श्रद्धा तुमच्यावर परिणाम करणारच. नंतर पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं ते उघडपणे ख्रिस्ती म्हणून, आणि मला ते जास्त सरळ वाटतं.

आम्ही पाळतो ते असं: धान्य वाटताना पत्रक वाटायचं नाही. शिकवणीच्या वर्गात प्रार्थना सक्तीची नाही. मदत मागायला आलेल्याने त्याच भेटीत बाप्तिस्म्याबद्दल विचारलं, तर त्याला पुन्हा कधीतरी निवांत भेटायला सांगायचं. मदत चालू ठेवायची, आणि तो विषय मदतीची गरज संपेपर्यंत आपण होऊन काढायचा नाही.

ख्रिस्ती झालं की पैसे मिळतात, हे खरं?

नाही. उलट वर्गणी द्यावी लागते.

ख्रिस्ती झालो तर आरक्षण जातं का?

अनुसूचित जातीतले असाल तर हो, अनुसूचित जातीच्या सवलती जातात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा सुरुवातीला फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी धर्माची अट नाही.

मला हा आदेश अन्यायाचा वाटतो. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावात कुणी वेगळ्या नजरेने पाहत नाही, जात तशीच चिकटून राहते. आणि सांगायला दुःख होतं की मंडळीतही ती राहिली आहे. सोयरीक जुळवताना आमच्याकडेही 'कुठले, कोणते' विचारलं जातं.

पण अन्याय आहे म्हणून कागदावर एक आणि रविवारी एक असं जगायला मी कुणाला सांगणार नाही. मुलाच्या शिक्षणाचा, नोकरीचा प्रश्न असतो. बाप्तिस्म्याची तयारी सुरू होण्याआधीच पाळकाने ही गोष्ट त्या कुटुंबाला समोर बसवून सांगितली पाहिजे. न सांगणं ही फसवणूक आहे. ऐकून ते म्हणाले की आम्ही थांबतो, तर थांबू द्या. सभेला येणं, गाणं, प्रार्थना करणं यासाठी कुणाचा दाखला लागत नाही.

घरच्यांना न सांगता बाप्तिस्मा घेता येईल का?

सज्ञान माणसाला घेता येईल. पण मी त्याला आधी थांब म्हणेन.

टिळकांनी पत्नीला न कळवता बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी त्या काळाबद्दल 'स्मृतिचित्रे'त लिहिलं आहे आणि ते वाचताना आजही जीव कासावीस होतो. लहान मुलगा कडेवर, नवरा असून नसल्यासारखा, नातलगांचे बोल. अनेक वर्षं ताटातूट झाली. पुढे त्या नगरला येऊन राहिल्या, स्वतःचा विटाळ आणि सोवळं स्वतः विचार करून सोडलं आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. टिळक गेल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुरं केलं. शेवट गोड झाला म्हणून मधलं दुःख लहान होत नाही. आमच्या मंडळीत टिळकांची गोष्ट सांगताना त्यांचं धैर्य सांगतात. लक्ष्मीबाईंची बाजूही तेवढ्याच वेळ सांगावी असा माझा आग्रह असतो.

म्हणून आईला सांगा. पत्नीला, नवऱ्याला सांगा. रागावतील, रडतील. महिना, वर्ष लागेल. सणावारी घरी जाणं, आजारी वडिलांची सेवा करणं, भावाच्या लग्नात राबणं हे सोडू नका. जिवाला धोका आहे अशी परिस्थिती असेल, विशेषतः तरुण मुलीच्या बाबतीत, तर वेगळा विचार करावा लागतो, आणि तो एकट्या पाळकाने करू नये. मंडळीतल्या एखाद्या जाणत्या बाईला आणि वकिलाला बरोबर घ्यावं.

शेजारची मुलं शब्बाथ शाळेत येतात. चालेल?

आई-वडिलांना माहीत असेल आणि त्यांची हरकत नसेल तरच. वर्गात काय शिकवतो ते त्यांना येऊन पाहू द्या. खाऊ देताना आलेल्या आणि न आलेल्या मुलांत भेद करू नका. अल्पवयीन मुलाचा बाप्तिस्मा पालकांच्या माघारी कधीही नाही.

प्रार्थनेने आजार बरे होतात असं सांगून लोकांना बोलावतात. तुमचं काय मत?

आजाऱ्यासाठी आम्ही प्रार्थना करतो आणि देव ऐकतो यावर माझा विश्वास आहे. पण 'या आणि बरे होऊन जा' असे फलक लावणं मला पटत नाही. येशू लोकांना बरं करून बहुधा सांगायचा की कुणाला बोलू नकोस. आम्ही मात्र आधी जाहिरात करतो.

औषध बंद करायला सांगणारा माणूस कितीही मोठ्याने हालेलुया म्हणत असो, त्याच्यापासून दूर राहा. मधुमेहाच्या, क्षयाच्या, मिरगीच्या रुग्णाने गोळ्या थांबवल्या तर जीव जाऊ शकतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं, साप चावलेल्या माणसाला उपचार घेण्यापासून रोखणं हे त्यात गुन्हे आहेत. तो कायदा सगळ्या धर्मांच्या बुवांना लागू आहे आणि तसाच असावा. ज्या घरी आजारपण आहे तिथे प्रार्थनेला जाताना फळं न्या, दवाखान्यात थांबायला माणूस हवा का विचारा, रात्रपाळी करा. येशूचं नाव लोकांना आपोआप कळतं.

मला बोलायचं आहे, पण सुरुवात कशी करू?

ऐकण्यापासून. समोरचा काय मानतो, कुलदैवत कोणतं, वारीला जातो का, सध्या कशाने हैराण आहे, हे तुम्हाला माहीत नसेल तर तुमच्या बोलण्याची वेळ अजून आलेली नाही. येशूचा शिष्य पेत्र लिहितो की तुमच्या आशेविषयी जो विचारतो त्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे आणि आदराने. यात 'विचारतो' हे आधी आहे. कुणी विचारावं असं आपल्या जगण्यात काही आहे का, हा पहिला प्रश्न.

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातले दोन प्रसंग पाठ असावेत. अथेन्समध्ये पौल मूर्ती पाहून अस्वस्थ होतो, पण सभेत उभा राहिल्यावर तुम्ही फार धर्मशील आहात इथून सुरुवात करतो आणि त्यांच्याच कवीचा आधार घेतो. इफिसात दंगल होते तेव्हा तिथला नगरलेखक जमावाला सांगतो की या माणसांनी देवळं लुटली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केली नाही. विरोधकांच्या शहरातल्या अधिकाऱ्याने दिलेलं ते प्रशस्तिपत्र आहे. आपल्या गावचा सरपंच आपल्याबद्दल असं म्हणू शकेल का? दुसऱ्याच्या देवाची टिंगल करून मिळवलेला श्रोता मला नको.

नाताळला शेजाऱ्यांना घरी बोलवा. करंज्या, अनारसे, केक जे असेल ते. दिवाळीत त्यांच्याकडे जा. एखाद्या शेजारणीला विचारा, 'ताई, तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?' चालेल म्हणाली तर दोन वाक्यांत करा. नको म्हणाली तर विषय बदला आणि चहा घ्या.

पत्रकं वाटणं, वॉट्सअॅपवर वचनं पाठवणं?

मागितलं तर द्या. एसटी स्टँडवर प्रत्येकाच्या हातात कोंबलेलं पत्रक दहा पावलांवर चिखलात पडतं. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी वचन टाकणं म्हणजे लोकांना ग्रुप म्यूट करायला शिकवणं. देवळाच्या दारात, जत्रेत, मिरवणुकीत, मयताच्या घरी अजिबात नाही.

विरोध झाला, कुणी सभा बंद पाडायला आलं तर?

दार उघडं ठेवा आणि आलेल्यांना बसायला सांगा. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नसतं, तेव्हा ऐकू द्या. हुज्जत घालू नका, अंगावर गेलं तरी हात उचलू नका, बायका-मुलांना आधी सुरक्षित बाजूला घ्या. पोलिसांना स्वतः कळवा. जबाब देताना वकील बरोबर असावा, आणि जे घडलं तेवढंच सांगावं, फुगवून नाही. दुसऱ्या दिवशी विरोध करणाऱ्यांतला कुणी ओळखीचा असेल तर त्याच्या घरी जा. सगळ्यांना हे जमत नाही, मला माहीत आहे. पण आमच्या भागात दोन-तीन ठिकाणी तणाव निवळला तो अशाच भेटींनी.

आपले लोक पुढे अशा प्रसंगांचं मोबाइलवरचं चित्रण समाजमाध्यमांवर टाकतात आणि परदेशात पाठवतात. गावातल्या माणसांचे चेहरे दाखवून सहानुभूती गोळा करू नका. त्यांना तिथेच राहायचं असतं.

पहिल्यांदाच उपासनेला येऊन पाहायचं आहे. काही नियम?

या आणि कुठेही बसा. बहुतेक जुन्या मंडळ्यांत पादत्राणं घालून बसतात, खेड्यात दाराशी काढतात, समोरच्याचं पाहून करा. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, नाही राहिलात तरी चालतं. अर्पणाची थैली फिरते तेव्हा पाहुण्याने काही टाकलं पाहिजे असं नाही. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतो, त्या वेळी जागेवर बसून राहा, त्यात अपमान मानू नका. कॅथलिक चर्चमध्येही मिस्साच्या (मुख्य उपासनेच्या) वेळी तसंच. मंडळीवाल्यांना माझी विनंती: नव्या माणसाभोवती गराडा घालू नका, लगेच फोन नंबर मागू नका.

बाप्तिस्म्याला किती काळ लागतो? नाव, मंगळसूत्र, खाणंपिणं सगळं बदलावं लागतं का?

कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) प्रौढांची तयारी कित्येक महिने चालते आणि स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री होतो. आमच्याकडे शिकवण पुरी झाल्याखेरीज पाळक बाप्तिस्मा देत नाहीत. सभेत हात वर केला आणि संध्याकाळी नदीवर नेलं, ही घाई मला मान्य नाही.

नाव बदलण्याची गरज नाही. नारायण वामन नारायण वामनच राहिले, रमाबाई रमाबाईच. कित्येक मराठी ख्रिस्ती बायका क्रूस ओवलेलं मंगळसूत्र घालतात. कुंकवाबद्दल मंडळ्यांत मतं वेगळी आहेत, तुमच्या मनाला जे पटेल ते करा. शाकाहारी असाल तर शाकाहारीच राहा. मांसाचा घास हा विश्वासाचा पुरावा नाही, आणि तसा आग्रह कुणी धरला तर त्याला रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय वाचायला द्या.

मला ख्रिस्ती व्हायचं नाही. फक्त बायबल वाचायचं आहे. चालेल?

आनंदाने. बायबल सोसायटीचं मराठी बायबल सहज मिळतं. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल असं भाषांतर केलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये छापलं गेलं. सोपी, आजची मराठी हवी असेल तर फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' घ्या. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार आहे आणि टिपा फार उपयोगी आहेत.

पहिल्या पानापासून सुरुवात करू नका, लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत जाऊन बरेच जण थांबतात. मार्काचं शुभवर्तमान आधी वाचा. सोळाच अध्याय आहेत, एका दुपारी होतात. मग लूकचा पंधरावा अध्याय. वाचताना अडलं, पटलं नाही, राग आला, तर विचारा. तुम्ही विचारल्याशिवाय मी विषय काढणार नाही.